जाता येतं म्हणून राहणारा ग्राहक

इनकमिंग कॉललाही पैसे पडायचे त्या काळात मी मोबाइल कंपनीत लागले. सुरुवात ग्राहक सेवेत झाली. पुढे सातारा, कोल्हापूर आणि कोकणात विक्री-वितरण सांभाळलं आणि शेवटची वर्षं पुण्याच्या सर्कल ऑफिसात गेली. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. तो या देशातला पहिला मोबाइल कॉल. तिथून निघालेला हा बाजार डझनभर कंपन्यांपर्यंत फुगला आणि पुन्हा आटत आटत चारवर आला. यातला बराच प्रवास मी आतून पाहिला.

नव्यानं या धंद्यात येणारी मुलं विचारतात, "मॅडम, यात टिकतं कोण?" माझं उत्तर एकच असतं. ग्राहक ज्याला सोडून जाऊ शकतो आणि तरीही जात नाही, तो टिकतो. हे मी कुठं आणि कसं शिकले, ते क्रमानं सांगते.

१. देशाची स्पर्धा तालुक्यात ठरते

जाहिरात देशभर एकच दिसते, पण सरकारनं या धंद्यासाठी देशाचे २२ सर्कल पाडलेत आणि प्रत्येक सर्कल हा वेगळा बाजार आहे. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मुंबई स्वतंत्र. एका सर्कलमध्ये पहिली असलेली कंपनी शेजारच्या सर्कलमध्ये तळाला असू शकते. आपल्याकडे तर नंबरावरून कंपनी कळायची: ९८२२ म्हणजे आयडिया, ९८२३ म्हणजे बीपीएल, ९८९० एअरटेल, ९४२२ बीएसएनएल. लोक नंबर ऐकूनच विचारायचे, "तुमचा आयडियाचा का? मग घाटात लागतो ना?"

सर्कलची हद्द लोकांच्या रोजच्या जगण्यात कशी घुसते, हे मी चंदगडला पाहिलं. सावंतवाडीचा माणूस पणजीला गेला तर रोमिंग नाही, कारण सर्कल एकच. चंदगडचा माणूस बाजारासाठी बेळगावला गेला की रोमिंग सुरू. त्याहून वाईट म्हणजे सीमेवरच्या काही घरांत फोन जागेवर बसूनच कर्नाटकातला टॉवर पकडायचा आणि बोलण्याचे जादा पैसे कटायचे. अशा गावांत आमची मुलं घरोघरी जाऊन फोनमध्ये नेटवर्क हातानं निवडायचं कसं ते शिकवत. त्या शिकवण्यानं जेवढे ग्राहक बांधले गेले तेवढे कुठल्याही मोठ्या फलकानं बांधले नाहीत. आज देशांतर्गत रोमिंगचा जाच उरलेला नाही, पण धडा तसाच आहे. मुख्यालय देशातला क्रमांक सांगतं, आणि ग्राहक विचारतो, "आमच्या वाडीत रेंज येते का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे असेल त्यालाच पहिला क्रमांक मिळतो.

२. टॉवर उभा करणं सोपं, चालू ठेवणं अवघड

विक्रीतल्या माणसाला वाटतं की टॉवर लागला, काम झालं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. कोकणातल्या पावसात वीज जाते, बॅटरी काही तास चालते, मग जनरेटर. जनरेटरला डिझेल पोचवायचं तर रस्ता हवा, आणि नेमका त्याच दिवशी दरड कोसळलेली असते. बॅटऱ्या चोरीला जातात. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीनं ऑप्टिकल फायबर तोडली की अख्ख्या पट्ट्यातले टॉवर वीज असूनही मुके होतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीचा पूर, ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग चक्रीवादळ आणि २०२१ च्या जुलैमधला चिपळूणचा पूर, या तिन्ही वेळी फोन ही चैनीची वस्तू राहिली नव्हती. माळ्यावर अडकलेल्या माणसाचा तो एकमेव आधार होता. अशा वेळी टॉवरपर्यंत डिझेलचे कॅन खांद्यावरून नेणारे तंत्रज्ञ मी जवळून पाहिलेत. त्यातले बहुतेक कंत्राटी होते आणि त्यांची नावं कुठल्याही अहवालात आली नाहीत. कंपनीची पत त्यांनी राखली.

इथंच मला स्पर्धेची दुसरी बाजूही कळली. टॉवरचा खर्च एकेकट्या कंपनीला परवडत नाही, म्हणून २००७ मध्ये एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या तीन कंपन्यांनी, म्हणजे भारती, व्होडाफोन आणि आयडिया यांनी, इंडस टॉवर्स ही सामाईक कंपनी काढली. एकाच खांबावर तिघींचे अँटेना. आपत्तीत तर एका कंपनीचा टॉवर पडला की दुसरीच्या नेटवर्कवरून बोलता येईल, अशी व्यवस्था आता सरकार सुरू करायला लावतं. भांडायचं सेवेत. खांब वाटून घेतल्यानं कुणी लहान होत नाही.

३. कंपनीचा चेहरा म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार

रिचार्ज आधी स्क्रॅच कार्डावर व्हायचं. मग दुकानदाराच्या हातात लापू सिम आलं आणि तो स्वतःच्या फोनवरून दहा-वीस रुपये टाकून देऊ लागला. शंभराच्या रिचार्जमागं त्याला जेमतेम दोन-तीन रुपये सुटायचे. तेवढ्यावर तो म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म भरायचा, फोटो चिकटवायचा, "काकू, तुमची व्हॅलिडिटी परवा संपतेय" अशी आठवण द्यायचा. कंपनीनं कापलेल्या पैशांबद्दल शिव्या मात्र त्यालाच खायला लागायच्या.

नव्या योजनेची माहिती ज्या कंपनीच्या माणसाकडून दुकानदाराला वेळेवर मिळते, ज्याच्याकडून कमिशन ठरल्या तारखेला जमा होतं, त्याच कंपनीचं सिम तो गिऱ्हाइकापुढं पहिल्यांदा ठेवतो. यात कुठलंही गुपित नाही. आता यूपीआयमुळं रिचार्ज लोकांच्या हातात आलं आणि दुकानदाराचं उत्पन्न घटलं. तरीही सिम हरवलं, केवायसी अडली, नंबर बंद पडला की माणूस त्याच्याच पायरीवर येतो. त्याला सांभाळणं ज्या कंपनीला खर्चिक वाटतं, तिला गाव कळलेलं नसतं.

४. दर पाडणाऱ्यानं तो दर पेलायची तयारी आधी करावी

या धंद्याचा इतिहास म्हणजे पडत गेलेल्या दरांचा इतिहास. सुरुवातीला एका मिनिटाला १६ रुपयांपर्यंत आकार होता. मे २००३ पासून फोन करणाऱ्यानंच पैसे द्यायचे ही पद्धत आली आणि इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमनं ५०१ रुपयांत फोन हातात दिला. २००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा हा हिशेब आणला. तोपर्यंत दहा सेकंद बोललात तरी पूर्ण मिनिटाचे पैसे जात. लोकांना हा हिशेब इतका पटला की काही महिन्यांत सगळ्याच कंपन्यांना मागोमाग तो स्वीकारावा लागला. आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं. कॉल फुकट, आणि पहिले काही महिने डेटाही फुकट. पहिले दहा कोटी ग्राहक त्यांनी साधारण सहा महिन्यांत जोडले.

प्रत्येक वेळी लोकांचं भलं झालं, हे मी मनापासून मानते. गवंडी, भाजीवाली, रिक्षावाला यांच्या हाती फोन आला तो या दरयुद्धामुळंच. पण युद्धात पडलेल्यांची यादीही मी पाहिली आहे. मुंबईतलं जुनं बीपीएल पुढं लूप झालं आणि २०१४ मध्ये बंद पडलं. रिलायन्स कम्युनिकेशन्सनं २०१७ च्या अखेरीस कॉलची सेवा थांबवली. एअरसेलनं २०१८ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. टेलिनॉर आणि टाटा यांचा मोबाइल धंदा एअरटेलमध्ये विरला. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. खेळाडू कमी झाले आणि डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१, जुलै २०२४ अशा टप्प्यांनी दर वर चढले.

यातून मी काय शिकले? दर पाडून ग्राहक आणता येतो, पण तो दर टिकवायला तीन गोष्टी लागतात: खोल खिसा, स्वस्तात चालणारं नेटवर्क आणि वाढत जाणारा वापर. जिओनं सुरुवातच फक्त ४जी नेटवर्कवर केली. जुन्या २जी, ३जी यंत्रणांचं ओझं त्यांच्या डोक्यावर नव्हतं. बाकीच्यांना तोच दर जुनी यंत्रणा ओढत द्यावा लागला. समोरच्याचा दर बघून आपला दर ठरवण्याआधी समोरच्याचा खर्च बघावा, हे प्रत्येक विक्री अधिकाऱ्यानं मनात कोरून ठेवावं.

५. दिल्लीतला एक कागद कोल्हापूरचं दुकान बंद करू शकतो

मोबाइल कंपनी हवेतल्या लहरींवर चालते आणि त्या लहरी सरकारच्या, म्हणजे जनतेच्या मालकीच्या आहेत. म्हणून धोरण वाचणं हे फक्त कायदा विभागाचं काम आहे, असं समजू नये. १९९९ च्या धोरणानं ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला हिस्सा घेण्याची पद्धत आणली, तेव्हा गुदमरलेल्या कंपन्यांना श्वास मिळाला. २०१० मध्ये ३जी स्पेक्ट्रमचा लिलाव ३४ दिवस चालला आणि सरकारच्या तिजोरीत ६७ हजार कोटींहून जास्त रक्कम आली. ती रक्कम कंपन्यांनी कर्ज काढून भरली होती.

२ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये वाटलेले १२२ परवाने रद्द केले. मनमानी वाटपाला न्यायालयानं लगाम घातला, हे योग्यच झालं. त्याच संध्याकाळी मात्र आमच्या भागातला एका नव्या कंपनीचा वितरक माझ्यासमोर बसून होता. गोदामात सिमकार्डांचे गठ्ठे, बँकेत कर्ज, आणि पगार मागायला उद्या येणारी पोरं. त्यानं कुठलाही गैरव्यवहार केलेला नव्हता.

पुढं २४ ऑक्टोबर २०१९ चा एजीआरचा, म्हणजे समायोजित सकल महसुलाचा, निकाल आला. सरकारचा हिस्सा कशावर मोजायचा, फक्त दूरसंचार सेवेच्या कमाईवर की व्याज-भाड्यासारख्या इतर मिळकतीवरही, हा वाद वर्षानुवर्षं चालला होता. न्यायालयानं सरकारची व्याख्या उचलून धरली आणि मागच्या वर्षांची थकबाकी, व्याज, दंड हे सगळं एकदम अंगावर आलं. व्होडाफोन आयडियाच्या नावावर पन्नास हजार कोटींहून अधिक रकमेची मागणी निघाली. आज त्या कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक भारत सरकार आहे, कारण देणं भागभांडवलात बदललं गेलं. वादातली देणी "पुढं बघू" म्हणून बाजूला टाकू नयेत. त्यांची तरतूद नफ्याच्या वर्षीच करावी.

६. विकलेली सिम मोजू नका, वाजणारे फोन मोजा

एक काळ असा होता की महिन्याला किती नवी सिम गेली यावरच बढती ठरायची. दोन सिमचे फोन आले आणि आकडे आणखी फुगले. फुकट टॉकटाइम संपला की सिम कचऱ्यात, आणि पुढच्या महिन्यात त्याच माणसाला नवीन सिम. कागदावर दोन ग्राहक, प्रत्यक्षात एकही नाही. दूरसंचार नियामक ट्राय दर महिन्याला जोडण्यांची संख्या छापतं, आणि त्यासोबत प्रत्यक्ष चालू असलेल्या जोडण्यांचीही. मी नेहमी दुसरा रकाना आधी वाचते. कंपनीची तब्येत तिथं कळते.

नव्या ग्राहकावर जाहिरात, कमिशन, सवलत असा तिहेरी खर्च होतो, आणि जुना ग्राहक एका चुकीच्या कपातीनं जातो. न मागता सुरू झालेली कॉलर ट्यून, क्रिकेटचे मेसेज, ज्योतिषाचे मेसेज, या नावाखाली गरिबांच्या बॅलन्समधून रोज रुपया-दोन रुपये जात. ग्राहक सेवेत असताना या एकाच प्रकारच्या तक्रारींनी माझे कान भरून गेले होते. २०१३ मध्ये ट्रायनं अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणं सक्तीचं केलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या रुपया-दोन रुपयांनी तिमाहीचा आकडा सजायचा आणि वर्षाचा ग्राहक जायचा.

७. सर्वांत लहान रिचार्ज करणाऱ्याला सर्वांत जास्त गरज असते

बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर दिवाळीनंतर सांगली-कोल्हापूरच्या फडांवर येतात. गावी म्हातारे आईवडील आणि शाळेतली लेकरं राहतात. या माणसांचं रिचार्ज दहा रुपयांचं असायचं आणि बरंचसं बोलणं मिस्ड कॉलवर भागायचं: एक वाजला की पोचलो, दोन वाजले की फोन कर. आमच्या हिशेबात त्यांच्यापासूनचं उत्पन्न नगण्य होतं. त्यांच्या हिशेबात तो फोन म्हणजे घर होतं.

२०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. बॅलन्स शिल्लक असला तरी व्हॅलिडिटी टाकली नाही तर फोन बंद. कंपनीच्या बाजूनं यात तर्क होता, नेटवर्क चालवायला पैसा लागतो. पण साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या बाईनं रोजचा दीड जीबी डेटा का विकत घ्यावा, या प्रश्नाला कुणाकडेही प्रामाणिक उत्तर नव्हतं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ट्रायनं फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. जे नियामकाला करायला लावावं लागलं, ते एखाद्या कंपनीनं आपणहून केलं असतं तर लाखो घरांत तिचं नाव झालं असतं. गरीब ग्राहक कंपनी सहसा बदलत नाही. त्याचा नंबर मुकादमाकडे असतो, शाळेत असतो, बँकेत असतो. त्या निष्ठेचा गैरफायदा घेणाऱ्याला मी धंदेवाईक हुशार म्हणणार नाही.

८. जाण्याची वाट मोकळी असली तरच स्पर्धा खरी

२५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. ऑफिसात त्या आठवड्यात धास्ती होती. तोवर ग्राहक नंबरमुळं बांधलेला होता. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, नातेवाइकांच्या डायरीत गेलेला नंबर कोण बदलणार? आता १९०० वर एक एसएमएस केला की तो मोकळा. ३ जुलै २०१५ पासून तर दुसऱ्या राज्यात गेलं तरी नंबर सोबत नेता येऊ लागला.

जाणाऱ्या ग्राहकांना फोन करून कारण विचारण्याचं काम माझ्या टीमकडे होतं. दरामुळं जाणारे होते, पण आम्हाला वाटलं होतं तेवढे नव्हते. "नव्या घरात रेंज नाही." "तक्रार केली, कुणी परत फोन केला नाही." "पैसे का कापले ते सांगितलं नाही." ही कारणं पुन्हा पुन्हा यायची. त्यानंतर आमच्याकडे एक नियम झाला: तक्रार सुटो न सुटो, सांगितलेल्या वेळी ग्राहकाला फोन गेलाच पाहिजे. जायला निघालेले कितीतरी लोक त्या एका फोनवर थांबले. कंपन्यांना शिस्त लावण्यात या पोर्टिंगनं जे केलं ते भाषणांनी झालं नसतं.

म्हणूनच मला आजच्या बाजाराची काळजी वाटते. बाहेर पडायला दार आहे, पण जायला जागाच उरली नाही तर त्या दाराचा उपयोग काय? आज दोन बलाढ्य खासगी कंपन्या, एक कर्जानं वाकलेली कंपनी आणि एक सरकारी अशी चार नावं आहेत. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर काही महिने लोक बीएसएनएलकडे वळले, यावरून चौथ्या पर्यायाची किंमत कळते. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलनं देशी बनावटीच्या यंत्रणेवर ४जी सुरू केलं. ते गावागावांत नीट चालणं ही केवळ त्या कंपनीची गरज नाही, उरलेल्या तिघींच्या ग्राहकांचीही आहे. चार उभ्या राहिल्या तर चौघींना नीट वागावं लागेल. दोनच उरल्या तर दरपत्रकं एकसारखी होतील.

वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कंपनी निवडताना जाहिरात बघू नका, आपल्या घरात, शेतात आणि कामाच्या ठिकाणी कुणाची रेंज येते ते शेजाऱ्याच्या फोनवर तपासा. कंपन्यांना आता आपल्या कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात, तेही बघा. तक्रार केली की डॉकेट नंबर लिहून ठेवा, आणि दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. हा तुमचा हक्क आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर नको असलेला डेटा पॅक टाकला जातोय का, ते या महिन्यातच बघा आणि फक्त कॉलचा पॅक मागा. एवढं करूनही सेवा मिळाली नाही, तर नंबर घेऊन दुसरीकडे जा. तुम्ही जाऊ शकता हे कंपनीला ठाऊक असेल, तोवरच ती तुमचं ऐकेल.